खोक्याआधीचं शहर: रिचमंडमधल्या एका पलायनाचं प्रकरण

पार्श्वभूमी

१८४९ मध्ये अमेरिकेतल्या रिचमंडहून पळालेल्या हेन्री ब्राउन या गुलामाची गोष्ट सांगणारे बहुतेक जण खोक्यापासून सुरुवात करतात. त्यांना दोष देता येत नाही. एक माणूस लाकडी खोक्यात बसतो, वरून खिळे ठोकून घेतो, पार्सल म्हणून रवाना होतो आणि २७ तासांनी दुसऱ्या राज्यात जिवंत बाहेर येतो. एवढं हाताशी असताना बाकीचं कोण सांगत बसेल? पण मला या प्रकरणात खोक्यापेक्षा ते जिथे ठोकलं गेलं ते शहर जास्त बोलकं वाटतं, म्हणून आधी शहर.

महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्यांना अर्पण केली, तेव्हापासून हा विषय मराठी वाचकाला परका नाही. मात्र डोळ्यांसमोर येतो तो कापसाचा मळा आणि घोड्यावर बसलेला मुकादम. शहरात राहणारा, भाड्याच्या घरातून सकाळी कारखान्यात जाणारा, रविवारी चर्चच्या गायकवृंदात गाणारा आणि तरीही कागदोपत्री दुसऱ्याची मालमत्ता असलेला माणूस सहसा आपल्या कल्पनेत नसतो. असे हजारो लोक व्हर्जिनियाची राजधानी असलेल्या रिचमंडमध्ये होते. १८५० च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या २७,५७० होती. त्यांत ९,९२७ गुलाम आणि २,३६९ मुक्त कृष्णवर्णीय. म्हणजे रस्त्यावरच्या दर दहा माणसांतली चार-साडेचार माणसं काळी.

ही माणसं शहरात काय करत होती? मुख्यतः तंबाखू. जेम्स नदीकाठच्या कारखान्यांत पानं सोलायची, मुरवायची आणि दाबून चघळायच्या तंबाखूच्या वड्या बनवायच्या. काही कामगार कारखानदाराच्याच मालकीचे असत, बरेचसे इतर मालकांकडून वर्षाच्या बोलीनं घेतलेले. या बोलीचं वर्ष नाताळला संपे आणि नव्या वर्षाच्या सुरुवातीला नवे सौदे होत. इतक्या माणसांना ठेवायला कारखान्यात जागा नसे, म्हणून कारखानदार त्यांच्या हातावर राहण्याजेवणाचे पैसे टेकवी आणि सांगे, तुमची सोय तुम्ही बघा. शिवाय ठरलेल्या कामापलीकडे जो माल निघेल त्याचे वरचे पैसे कामगाराला मिळत. मालकांनी हे दयेपोटी केलेलं नव्हतं. चाबकापेक्षा चार नाण्यांनी काम जास्त निघतं, असा तो सरळ हिशेब होता. पण त्या नाण्यांनी गुलामाच्या खिशात पैसा आला, पैशाबरोबर खोली आली, दुकानदाराशी उधारी-ओळख आली.

दुसरी जागा म्हणजे चर्च. १८४१ मध्ये रिचमंडच्या फर्स्ट बॅप्टिस्ट चर्चचे गोरे सभासद नव्या इमारतीत गेले आणि ब्रॉड स्ट्रीटवरची जुनी वास्तू काळ्या सभासदांकडे आली. तिचं नाव फर्स्ट आफ्रिकन बॅप्टिस्ट. नॅट टर्नर या गुलामाच्या नेतृत्वाखालच्या १८३१ च्या उठावानंतर व्हर्जिनियात काळ्या माणसानं प्रवचन करणं कायद्यानं बंद होतं, त्यामुळे व्यासपीठावर गोरे धर्मोपदेशक रॉबर्ट रायलंड. ते रिचमंड कॉलेजचे अध्यक्षही होते आणि मालकाची आज्ञा पाळण्याबद्दल बोलत. पण चर्चचा रोजचा कारभार, भांडणतंटे, नवराबायकोचे वाद, कोणाला सभासद करायचं नि कोणाला काढायचं, हे सगळं काळे डीकन, म्हणजे सभासदांतले कारभारी, पाहत. प्रवचनावर बंदी होती, प्रार्थनेवर नव्हती. मग प्रार्थनाच लांबत आणि तापत. रायलंड काही काळ सभासदांची बाहेरगावची पत्रं स्वतःकडे घेऊन चर्चमध्ये वाटत असत. त्यांतली काही पत्रं उत्तरेत, म्हणजे गुलामगिरी नसलेल्या राज्यांत, पळून गेलेल्यांची, पळण्याची वाट सांगणारी होती, हे त्यांना मागाहून कळलं. देवळाच्या ओसरीवर गावाच्या सगळ्या बातम्या फिरतात, तसं ते चर्च होतं.

तिसऱ्या जागेचं नाव घेतलं नाही तर चित्र खोटं पडेल. याच शहराच्या खालच्या भागात, शॉकोच्या सखल वस्तीत, गुलामांचे व्यापारी, लिलावघरं आणि त्यांचे खासगी तुरुंग होते. इथून माणसं दक्षिणेकडे विकली जात. खोली, दुकान, चर्च आणि लिलाव, सगळं चालत जाण्याच्या अंतरावर.

माणूस आणि त्याचं घर

हेन्री ब्राउनचा जन्म १८१५ च्या सुमारास व्हर्जिनियाच्या लुइझा परगण्यातल्या मळ्यावर झाला. मालक जॉन बॅरेट १८३० मध्ये वारले आणि मुलांमध्ये वाटणी झाली. जमीनजुमल्याबरोबर माणसंही वाटली गेली. पंधरा वर्षांचा हेन्री विल्यम बॅरेट या मुलाच्या वाट्याला आला आणि त्याच्या रिचमंडच्या तंबाखू कारखान्यात कामाला लागला. त्याच्या सांगण्यानुसार तिथे सुमारे १५० जण होते, १२० गुलाम आणि बाकीचे मुक्त काळे. उन्हाळ्यात रोज १४ तास काम, हिवाळ्यात १६.

१८३६ च्या सुमारास त्यानं नॅन्सीशी लग्न केलं. नॅन्सी दुसऱ्या मालकाची. विकणार नाही असा शब्द त्या मालकानं दिला होता आणि काही काळातच तिला विकलं. एकदोन हात बदलून ती सॅम्युअल कॉट्रेल या खोगीर बनवणाऱ्या माणसाकडे आली. किंमत ६५० डॉलर. कॉट्रेलला ५० डॉलर कमी पडत होते, ते त्यानं हेन्रीकडे मागितले. स्वतःची बायको दुसऱ्यानं विकत घ्यावी म्हणून नवऱ्यानं भर घालायची! हेन्रीनं घातली. तिला पुन्हा विकणार नाही, या बोलीवर.

व्यवहार तिथे संपला नाही. नॅन्सीनं नवऱ्याजवळ राहावं यासाठी वर्षाला ५० डॉलर कॉट्रेलला, घरभाडं वर्षाला ७२ डॉलर. म्हणजे महिन्याला दहा डॉलरच्या वर नुसतं एकत्र राहण्याचं मोल. शिवाय तिनं कॉट्रेलच्या घरचे कपडे धुवायचे आणि मुलांचा खर्च बापाचा. हे सगळं वरच्या कामाच्या पैशांतून भागवायचं होतं आणि कित्येक महिने ते भागतही होतं. घर होतं, तीन मुलं होती, चौथ्याची चाहूल होती.

प्रश्न

ऑगस्ट १८४८ मधल्या एका सकाळी कॉट्रेल दारात आला आणि पैसे मागू लागला. हेन्रीकडे त्या क्षणी नव्हते. कॉट्रेल चिडून गेला, हेन्री कारखान्यात गेला. जेवणाच्या वेळेआधीच निरोप आला की बायको-मुलांना धरून व्यापाऱ्याच्या तुरुंगात नेलं आहे. त्यांचा सौदा उत्तर कॅरोलिनातल्या एका मेथडिस्ट धर्मोपदेशकाशी झाला होता. बाकीपोटी घरातलं सामानही जप्त झालं.

हेन्रीनं काय काय केलं पाहा. आपल्या मालकाकडे गेला आणि बायकोला विकत घ्या म्हणून विनवलं. उत्तर मिळालं, दुसरी बायको मिळेल. ओळखीच्या दोन गोऱ्या तरुणांकडे गेला. ते म्हणाले, आम्ही गुलामांच्या व्यवहारात पडत नाही. एरवी कौतुक वाटावं असं हे तत्त्व, त्या दिवशी नेमकं उलटं पडलं. तो स्वतः तुरुंगापाशी गेला नाही, कारण गेलो तर मलाही आत टाकतील ही भीती होती.

दुसऱ्या दिवशी रस्त्याच्या कडेला उभं राहून त्यानं सुमारे साडेतीनशे माणसांचा तांडा जाताना पाहिला. लहान मुलांच्या गाडीतून त्याच्या थोरल्या मुलानं हाक मारली. मागून नॅन्सी आली. तिचा हात धरून तो सुमारे चार मैल चालला. मग परत फिरला.

इथून पुढे प्रश्न बदलला. आधीचा प्रश्न होता, गुलामीत राहून घर कसं टिकवायचं? आता घरच नव्हतं. आणि घर हाच मालकांच्या हातातला सगळ्यात मजबूत दोर होता. बायकोमुलांचा माणूस पळत नाही, या भरवशावर शहरातली ही सैल व्यवस्था उभी होती. कॉट्रेलनं चार पैशांसाठी तो दोर स्वतःच कापला.

तोललेले पर्याय

लगेच तो पळाला नाही. मध्ये सात महिने गेले. त्या नाताळात चर्चमध्ये गायनाचा कार्यक्रम होता. गायकवृंदात हेन्रीचा मित्र जेम्स सी. ए. स्मिथ होता, मुक्त काळा माणूस, शहरात केक-मिठाईचं लहानसं दुकान असलेला. गाता गाता त्यानं एकदम पुस्तक मिटलं आणि तो खाली बसला. गुलामांच्या शहरात आपण हे असं गाऊन लोकांची करमणूक करतो आहोत, याचीच त्याला लाज वाटली असावी. हेन्रीनं पुढे लिहिलं आहे की आपलाही निश्चय त्याच सुमारास झाला.

कसं जायचं? स्वतःला विकत घेणं हा कागदावरचा सरळ मार्ग. पण मालक तयार हवा, आणि व्हर्जिनियाच्या १८०६ च्या कायद्यानुसार मुक्त झालेल्यानं वर्षभरात राज्य सोडायचं होतं. म्हणजे पैसेही द्यायचे आणि जायचंही. शिवाय, दिलेल्या पैशाच्या मोबदल्यात गोऱ्या माणसाचा शब्द घेण्याचा अनुभव हेन्रीच्या गाठीशी ताजा होता.

पायी जायचं तर मालकाचा लेखी पास हवा. रस्त्यात गस्त, कुत्रे, प्रत्येक गावात विचारपूस. नदीतून जायचं तर पैसे घेऊन माणूस लपवणारा जहाजवाला गाठावा लागे आणि तो बोलून बसला तर संपलं. चौथा मार्ग उघड्या डोळ्यांसमोरून जाण्याचा. गंमत अशी की त्याच नाताळच्या आठवड्यात जॉर्जियातून निघालेलं विल्यम आणि एलन क्राफ्ट हे जोडपं आगगाडीनं रिचमंडवरूनच उत्तरेतल्या फिलाडेल्फियाला गेलं. गोरीपान एलन आजारी गोऱ्या तरुणाच्या वेषात, विल्यम तिचा नोकर म्हणून. हेन्रीचा रंग तसा नव्हता, म्हणून ती वाट त्याला बंद होती. पण दोन्ही युक्त्यांमागचं गणित एकच आहे. गस्त काळ्या माणसाला शोधते. गोऱ्या गिऱ्हाइकाचं तिकीट आणि गोऱ्या दुकानदाराचं पार्सल ती अडवत नाही.

खोक्याची कल्पना आपल्याला प्रार्थनेत सुचली, असं हेन्री सांगे. सुचली असेल. पण ज्या शहरात तंबाखूची खोकी दिवसभर गाड्यांवर चढताना दिसतात, तिथेच ती सुचते.

कृती

दोन स्मिथ लागले, आणि त्यांचं एकमेकांशी नातं नाही. एक वर आलेला जेम्स. दुसरा सॅम्युअल ए. स्मिथ, गोरा, मूळचा मॅसॅच्युसेट्सचा, पादत्राणांचा दुकानदार. हेन्री त्याच्या दुकानात जाणारायेणारा. त्याच्यासमोर पळण्याची भाषा काढणं हा सगळ्या प्रकरणातला सर्वांत धोक्याचा क्षण, खोक्यात बसण्याहूनही. हेन्रीनं तो धोका एका साध्या अंदाजावर पत्करला, की हा माणूस स्वातंत्र्य सगळ्यांचं आहे असं मानणारा आहे. जवळचे पैसे १६६ डॉलर. त्यांतले ८६ त्यानं सॅम्युअलला दिले. मदत धर्माची होती की धंद्याची, यावर वाद घालता येईल. मला वाटतं पैसे घेतले म्हणून धर्म कमी होत नाही, कारण पकडला गेला असता तर तुरुंग त्यालाच होता. आणि पुढे झालाच.

सॅम्युअल आधी फिलाडेल्फियाला जाऊन गुलामगिरीविरोधी संस्थेच्या जे. मिलर मॅकिम यांना भेटला. मॅकिम बिचकले, आणि ते बरोबरच होतं. माणूस वाटेत गुदमरून मेला तर प्रेत त्यांच्या दारात येणार होतं. शिवाय गुलामगिरीविरोधी कचेरीच्या पत्त्यावर रिचमंडहून खोकं येणं म्हणजे स्वतःच ओरडून सांगणं. म्हणून त्यावर ‘विल्यम एच. जॉन्सन, आर्च स्ट्रीट’ हा पत्ता घालायचा ठरला आणि स्टेशनावरून ते कचेरीत आणायची जबाबदारी एडवर्ड डेव्हिस या व्यापाऱ्यानं घेतली. त्यानं आपल्या ओळखीच्या गाडीवानाला पाच डॉलरचं सोन्याचं नाणं दिलं आणि एकही प्रश्न न विचारता खोकं आण म्हणून सांगितलं.

रिचमंडमध्ये खोकं सुताराकडून बनवून घेतलं. सुमारे ३ फूट लांब, २ फूट रुंद, खोली अडीच फुटांच्या आसपास. आत जाड लोकरी कापडाचं अस्तर. माणूस सुमारे २०० पौंडांचा, म्हणजे नव्वद किलोचा. कामावर गैरहजेरीचा बोभाटा होऊ नये म्हणून रजा हवी होती. हेन्रीचं बोट आधीच दुखत होतं, पण मुकादमाला ते पुरेसं वाटेना. मग त्यानं त्यावर गंधकाम्ल ओतलं. अंदाजापेक्षा जास्त पडलं, बोट हाडापर्यंत भाजलं. रजा मिळाली.

२३ मार्च १८४९, पहाटे चार. बरोबर पाण्याची पिशवी, थोडी बिस्किटं, हवेसाठी भोकं पाडायला गिरमिट. वरून झाकण, खिळे, भोवती लाकडी पट्ट्या. बाहेर लिहिलं होतं, ही बाजू वर, जपून हाताळा.

ती सूचना कोणी वाचली नाही. ॲडम्स एक्स्प्रेस या पार्सल कंपनीच्या कचेरीतच खोकं उलटं पडलं. तिथून आगगाडीनं पोटोमॅक नदीवरच्या ॲक्विया क्रीकपर्यंत आणि पुढे आगबोटीनं वॉशिंग्टन. बोटीवर ते डोक्याच्या बाजूवर ठेवलं गेलं आणि तासाहून जास्त तसंच राहिलं. डोळे बाहेर येतील असं वाटू लागलं, कानशिलावरच्या शिरा तट्ट फुगल्या. हात वर करायला गेला तर हात हलेना. ओरडायचं नाही हे त्यानं ठरवलं होतं. सुटका झाली ती दोन थकलेल्या माणसांमुळे. बसायला काही हवं म्हणून त्यांनी खोकं आडवं केलं आणि त्यावर बसून गप्पा मारत राहिले.

वॉशिंग्टनच्या स्टेशनावर त्याला गाडीवरून खाली फेकलं, तेव्हा मानेत कळ गेली. मग एक जण म्हणाला, आज जागा नाही, उद्या पाठवू. दुसरा म्हणाला, एक्स्प्रेसचं खोकं आहे, ते गेलंच पाहिजे. माझ्या मते हेन्रीचा जीव या वाक्यानं वाचला. त्या माणसाच्या मनात दया वगैरे काही नव्हती, आत कोण आहे हेही ठाऊक नव्हतं. वेळेवर पोचवण्याच्या हमीचे पैसे घेतले आहेत, एवढंच. माणसाला दिलेला शब्द ज्या समाजात वारंवार मोडला, तिथे पार्सलला दिलेला शब्द पाळला गेला.

२४ मार्चच्या सकाळी फिलाडेल्फियाच्या कचेरीत दार लावून मॅकिम, त्याच कचेरीतले विल्यम स्टिल आणि आणखी दोघे खोक्याभोवती उभे राहिले. मॅकिम यांनी टकटक करून विचारलं, सगळं ठीक? आतून उत्तर आलं, ठीक. झाकण निघालं, हेन्री उठला, सगळ्यांना नमस्कार केला आणि चक्कर येऊन पडला. सावध झाल्यावर त्यानं चाळिसावं स्तोत्र गायलं, परमेश्वराची मी धीरानं वाट पाहिली हे. गायकवृंदातला माणूस होता तो.

परिणाम

हेन्री सुटला, एवढं म्हणून थांबता येत नाही.

एप्रिलमध्येच उत्तरेतल्या वर्तमानपत्रांत खोक्याची बातमी आली. ८ मे रोजी सॅम्युअल स्मिथनं आणखी दोन गुलामांना खोक्यांतून पाठवण्याचा प्रयत्न केला आणि ती खोकी अडवली गेली. त्या दोघांना परत गुलामीत जावं लागलं. सॅम्युअलला साडेसहा वर्षांची शिक्षा झाली, तो १८५६ मध्ये सुटला. जेम्स स्मिथही सप्टेंबरमध्ये अशाच प्रकरणात पकडला गेला. खटल्यातून तो शिक्षेविना निसटला, पण रिचमंड त्याच्यासाठी संपलं होतं. तो बोस्टनला गेला.

हेन्रीनं मे १८४९ मध्ये बोस्टनच्या सभेत आपली हकीगत सांगितली, ‘बॉक्स’ हे मधलं नाव लावून घेतलं, आत्मवृत्त छापलं. १८५० मध्ये गुलामगिरीची दृश्यं रंगवलेला लांबच लांब पडदा उलगडत तो गावोगावी खेळ करू लागला. त्याच वर्षी पळालेल्यांना पकडून परत देण्याचा कायदा कडक झाला. त्याआधीच ऑगस्टच्या शेवटी प्रॉव्हिडन्समध्ये त्याच्यावर हल्ला झाला होता. शरदात तो जेम्सबरोबर लिव्हरपूलला गेला. १८५१ च्या मे महिन्यात ब्रॅडफर्डहून लीड्सला तो आगगाडीनं पुन्हा खोक्यात बसून गेला, या वेळी तिकीट काढलेल्या प्रेक्षकांसाठी. पंचवीस वर्षं इंग्लंडमध्ये काढून १८७५ मध्ये परतला, तेव्हा जादूगार म्हणून खेळ करत होता. १८९७ मध्ये टोरोंटोत वारला.

निर्णयाचे क्षण, आणि वेगळं काय करता आलं असतं

पहिला क्षण कॉट्रेलला दिलेल्या पन्नास डॉलरचा. आज बसून म्हणणं सोपं आहे की लेखी घ्यायला हवं होतं. पण गुलामाला करारच करता येत नव्हता. लेखी घेतलं असतं तरी कोणत्या कोर्टात नेणार? एक आडवाट होती, विश्वासातल्या गोऱ्या माणसाच्या नावावर नॅन्सीची खरेदी करायची. व्हर्जिनियात मुक्त कृष्णवर्णीयांनी आपल्याच माणसांना असं नावावर घेतल्याची उदाहरणं आहेत, कारण रीतसर मुक्त केलं तर राज्य सोडावं लागे. त्यासाठी मात्र ६५० डॉलर एकरकमी लागले असते. शिल्लक पडली की ती भाड्यात आणि कॉट्रेलच्या खिशात जायची.

त्यातूनच दुसरा मुद्दा. हेन्रीनं सगळी कमाई घर चालवण्यात घातली आणि पळण्याचा विचार घर गेल्यावर केला. नॅन्सी आणि तीन मुलांसह आधीच निघाले असते तर? पाच जणांना कोणतं खोकं पुरणार? लहान मुलांसह पळालेले फार थोडे यशस्वी झाले. मला वाटतं, त्यानं जे केलं ते त्या वेळच्या माहितीत शहाणपणाचंच होतं. चुकीचा ठरला तो भरवसा, हिशेब नाही.

तिसरा क्षण प्रसिद्धीचा. फ्रेडरिक डग्लस स्वतः गुलामीतून पळालेले. युक्ती छापली नसती तर दर वर्षी असे हजार ब्राउन सुटले असते, असा त्यांचा राग होता. दुसरीकडे कथा सांगण्याचीही किंमत होती, सभांना गर्दी त्यानंच होई. इथे एक तारीख मात्र पाहायला हवी. सॅम्युअलची खोकी ८ मे रोजी अडवली गेली, आणि हेन्री बोस्टनच्या सभेत त्यानंतर बोलला. बातमी पहिल्यांदा फुटली ती त्याच्या तोंडून नाही, उत्तरेतल्या हितचिंतकांच्या वर्तुळातून. मॅकिम गुप्तता पाळा म्हणत होते, ते पुरेसं ठरलं नाही. बातमी फुटल्याचं कळूनही सॅम्युअलनं तीच युक्ती, त्याच शहरातून, दीड महिन्यात पुन्हा का वापरली? निदान दुसरं गाव, दुसरी एक्स्प्रेस कंपनी, नाही तर काही महिने थांबायचं. पहिल्यांदा जमलं म्हणून दुसऱ्यांदा जमेल, या विश्वासाची किंमत त्यानं साडेसहा वर्षांनी मोजली, आणि खोक्यातल्या त्या दोघांनी त्याहून जास्त.

खोक्याच्या रचनेबद्दलही एक. वर-खालीची सगळी भिस्त हमालांनी पाटी वाचण्यावर होती. खोकं लांबीत ठेवून आत आडवं पडता येईल असं केलं असतं, तर उलटं पडूनही मान वाचली असती. पण लांब खोकं शवपेटीसारखं दिसतं, आणि शवपेटीबद्दल लोक चौकशी करतात.

शेवटचा क्षण सगळ्यात अवघड. उत्तरेत आल्यावर नॅन्सीच्या नव्या मालकाकडून तिला आणि मुलांना विकण्याची तयारी दाखवणारं पत्र आलं होतं. हेन्रीनं ते मनावर घेतलं नाही, असा आरोप कोणा शत्रूनं नाही, जेम्स स्मिथनं केला. पैशांवरून दोघांचं १८५१ मध्ये फाटलं होतं, तेव्हा त्याच्या शब्दांत रागही असणार. काही गुलामगिरीविरोधी कार्यकर्ते माणसं विकत घेण्याच्याच विरोधात होते, कारण त्यामुळे माणसाची किंमत मान्य होते. रिचमंडच्या त्या दोन तरुणांचं तत्त्वही तेच होतं. हेन्रीच्या मनात यांतलं काय होतं, हे त्यानं लिहिलं नाही. लोकवर्गणीतून ती रक्कम उभी करणं १८४९ मध्ये, तो सभा गाजवत असताना, अशक्य नव्हतं. माझ्या नजरेत हा निर्णय त्याच्या खात्यावर राहतो. चार मैल हात धरून चाललेला माणूसही तोच.

१८५५ मध्ये त्यानं इंग्लंडमध्ये जेन फ्लॉइड या गोऱ्या स्त्रीशी लग्न केलं. वीस वर्षांनी तो अमेरिकेला परतला तेव्हा गुलामगिरी संपून दहा वर्षं झाली होती, आणि त्याच्या खेळात त्याची इंग्रज बायको व मुलगी त्याच्या बरोबर रंगमंचावर होत्या.